वाळीत टाकणं बंद करू या



नाशिकला आपण नेहमी जातो. गोदावरीत स्नान करतो. पंचवटीत काळारामाचं दर्शन घेतो. आज हे देऊळ सर्वांना खुलं आहे. पूर्वी तसं नव्हतं. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना आत पाऊल टाकता येत नसे.

म्हणून २ मार्च १९३० रोजी तिथं सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढारी होते. त्यांच्या जोडीला दादासाहेब गायकवाड होते. ते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, म्हणजे आपल्यासारखेच खेड्यातले. हजारो माणसं देवळाकडे निघाली. देवळाची दारं बंद केलेली होती. मग बाया आणि पुरुष दारांपुढं बसून राहिले. त्यांनी दगड सोसले, तुरुंग सोसला. सुमारे पाच वर्षं हे चाललं, तरी दार उघडलं नाही.

पुढं देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता बंद केली. मग सगळं मिटलं का? नाही, मंडळी.

माणसाला दूर लोटण्याच्या रीती पुष्कळ आहेत. कुणी जातीबाहेर लग्न केलं, की काही जातपंचायती त्या घराला वाळीत टाकत. दंडही घेत. त्या घराला लग्नाचं बोलावणं नाही, सणाला कुणी येत नाही. मयताला खांदा द्यायलाही कुणी नाही! लोक भीतीनं गप्प बसत. २०१३ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी नाशिकमधून याविरुद्ध काम सुरू केलं. हळूहळू लोक बोलू लागले. २०१६ साली महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. वाळीत टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो. दोन्हीही होऊ शकतं.

पण कायदा स्वतःहून कुणाच्या घरी येत नाही. शेजाऱ्यानं जावं लागतं. कुणाला वाळीत टाकलं, तर आपण त्याच्या घरी जाऊ. त्याच्या माठातलं पाणी पिऊ. त्याची मुलं आपल्या मुलांत खेळू देऊ. पोलीस ठाण्यात त्याच्या सोबतीनं जाऊ. तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही करता येते. एकट्याला भीती वाटते. दहाजण बरोबर असले, की पंचही दोनदा विचार करतात.

आता आपल्याला वाचता येतं. हा कायदा चावडीवर मोठ्यानं वाचू या. ज्याला वाळीत टाकलं आहे, त्याला बोलावून आणू या आणि आपल्या शेजारी बसवू या.