आंबा, कालवं आणि ब्रेक्झिट

१ मे २०१४ पासून युरोपीय संघानं आपल्या आंब्याला दार बंद केलं. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकलं. ऐन हंगामात हापूस अडला की आमच्या रत्नागिरीकडे काय होतं, ते श्रोत्यांना मी सांगायला नको. लेस्टरला राहणारा माझा मावसभाऊ फोनवर चिडून म्हणाला, ‘‘भाईजान, आंबा आम्ही खाणार आणि ठरवणार ब्रुसेल्स!’’

मी कवी माणूस. बी.ए.ला अर्थशास्त्राचा एकच पेपर होता. पण ब्रिटननं संघ सोडावा असं म्हणणाऱ्यांचा अर्धाअधिक आर्थिक मुद्दा या एका वाक्यात येतो, एवढं मला कळतं.

आपल्याकडे हा मुद्दा ‘गोऱ्यांचा अहंकार’ म्हणून उडवून लावतात. ते बरोबर नाही. संघाबाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्या सदस्य देशांत एकच आयातशुल्क असतं. इंग्लंडात संत्री पिकत नाहीत, तरी परक्या संत्र्यावर शुल्क द्यायचं, कारण स्पेनच्या बागायतदाराला सांभाळायचं असतं. शिवाय कुणाही सदस्याला भारताशी किंवा ऑस्ट्रेलियाशी स्वतंत्र व्यापार-करार करता येत नाही. पॅट्रिक मिनफर्ड नावाचे अर्थतज्ज्ञ तर म्हणत होते, सगळं आयातशुल्क काढून टाका, भाव आपोआप उतरतील. कारखानदारी त्यात आटेल, हेही त्यांनी लपवलं नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडला. निस्सानचा मोठा मोटार कारखाना असलेल्या सुंदरलँडच्या कामगारांपर्यंत तो किती पोचला, कोण जाणे! तिथं ६१ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूनं पडली.

प्रामाणिकपणा नव्हता तो त्या लाल बसवर. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रुसेल्सला जातात, असं तिच्यावर रंगवलं होतं. थॅचरबाईंनी १९८४ साली मिळवलेली सूट आणि शेतीसाठी परत येणारं अनुदान वजा केलं की आकडा निम्म्याच्या आसपास येतो.

२३ जून २०१६ ला ५१.९ टक्क्यांनी कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला आणि त्या वर्षाअखेर संक्रमणकाळही संपला. करार झाला होता. शुल्क नव्हतं, कोटा नव्हता. पण जानेवारी २०२१ मध्ये मासळीचे ट्रक कागदपत्रांपायी खोळंबले. प्रत्येक खेपेला आरोग्याचा दाखला हवा. जिवंत शिंपल्या आणि कालवांचं तर फारच वाईट झालं. ब्रिटनच्या बऱ्याच खाड्यांतला हा माल आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध केल्याशिवाय घेणार नाही, असं संघानं सांगितलं. नियम जुनाच होता, परक्या देशांसाठीचा. फक्त आता परका देश ब्रिटन होता. काल आमचा आंबा जिथं उभा होता, तिथं आज त्यांची कालवं उभी राहिली.

(आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. आणि गंमत म्हणजे तेव्हा खुद्द ब्रिटिश सरकारचाही बंदीला पाठिंबा होता. काचघरातले टोमॅटो आणि काकड्या माशीपासून वाचवायच्या होत्या. हे काढलं की माझा भाऊ विषय बदलतो.)

आता जमेची बाजू. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार-करारावर सह्या झाल्या. संघात राहून ब्रिटनला हे जमलं नसतं. स्कॉच व्हिस्कीवरचं आपलं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचं आहे. मला त्यात रस नाही, पण स्कॉटलंडला आहे. मात्र ब्रिटिश सरकारचाच अंदाज असा की या करारानं राष्ट्रीय उत्पन्न दीर्घकाळात ०.१ टक्का वाढेल. आणि तिथल्या अर्थसंकल्पावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज असा की संघ सोडल्यानं उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्के कमी राहील. अंदाज चुकतात, मान्य. पण चाळीसपटीचं अंतर आहे.

माझ्या मते, स्वतःचे नियम स्वतः करायचे म्हणून बाहेर पडणं हे कुठल्याही देशाला शोभतं. मात्र त्याची किंमत आधी सांगायची असते, आणि ती कालवंवाला देणार की लंडनचा सावकार, हेही. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंचं ठरलं, की अन्नपदार्थांसाठी नवा करार करायचा. त्यात ब्रिटननं संघाचे नियम पाळायचे, नियम बदलले की आपणही बदलायचे. ब्रुसेल्समध्ये मत मात्र नाही. त्याच बैठकीत युरोपच्या मच्छीमार बोटींना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत मुभा मिळाली.