सार्वत्रिक रचना आणि मराठी ऑनलाइन अध्ययन: पाठाच्या पहिल्या खर्ड्यापासून



दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणातील सुगम्यतेची चर्चा भारतात बहुधा दुरुस्तीच्या अंगाने होते. अभ्यासक्रम तयार होतो, विद्यार्थी दाखल होतात, आणि त्यांपैकी कोणाला पडदा दिसत नाही, कोणाला व्याख्यान ऐकू येत नाही, कोणाला माउस हाताळता येत नाही हे कळल्यावर तंत्रज्ञाकडे धाव घेतली जाते. सार्वत्रिक रचना, म्हणजेच युनिव्हर्सल डिझाइन, ही संकल्पना मुळात या क्रमालाच हरकत घेते. पोलिओमुळे स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे अमेरिकन वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी ती रूढ केली. वास्तू किंवा वस्तू आधी बनवून नंतर तिला अपंगांसाठी जोड देण्यापेक्षा शक्य तितक्या अधिक माणसांना ती मुळातच वापरता यावी, असा तिचा आशय आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात १९९७ साली तिची सात तत्त्वे सिद्ध झाली: समन्यायी वापर, लवचिकता, साधेपणा, माहितीची स्पष्टता, चुकीला सवड, अल्प श्रम आणि पुरेशी जागा. ही तत्त्वे इमारतींच्या अनुभवातून आली असली तरी पाठ्यसामग्रीला लावताना त्यांतील शेवटचे एकच काहीसे ताणावे लागते. बाकीची सहा सहज लागू पडतात.

अध्ययनाच्या क्षेत्रात या विचाराला स्वतंत्र रूप दिले ते १९८४ साली स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या अमेरिकन संस्थेतील अ‍ॅन मेयर आणि डेव्हिड रोझ यांनी. अध्ययनात गुंतण्याचे, आशय मांडण्याचे आणि विद्यार्थ्याने शिकलेले व्यक्त करण्याचे एकाहून अधिक मार्ग उपलब्ध असावेत, हे त्यांच्या मांडणीचे सार होय. अमुक विद्यार्थी ‘दृश्य शैलीचा’ आणि तमुक ‘श्राव्य शैलीचा’ अशी जी वर्गवारी शिक्षक-प्रशिक्षणांत अजूनही सांगितली जाते, तिच्याशी या मांडणीची गल्लत होऊ नये. त्या वर्गवारीला संशोधनाचा आधार अतिशय दुबळा आहे. खुद्द कास्टच्या मांडणीबाबतही, तिचा प्रत्येक घटक अध्ययनाची फलश्रुती वाढवतो असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे, आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. मात्र ज्या विद्यार्थ्यापर्यंत पाठ पोचलाच नाही, त्याच्या बाबतीत फलश्रुतीचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच प्रवेशाचा प्रश्न उभा असतो.

कायद्याची बाजू आता पुरेशी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वत्रिक रचनेची व्याख्या आहे, आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची जबाबदारी त्याच्या ४२व्या कलमाने शासनावर टाकली आहे. तांत्रिक मोजमापासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आशय जाणवण्याजोगा, हाताळण्याजोगा, समजण्याजोगा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकणारा असावा, या चार कसोट्यांवर ती उभी आहेत. परंतु नियम असूनही मराठी पाठ अंध विद्यार्थ्यापर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर कायद्यात कमी आणि मराठी अक्षरजुळणीच्या इतिहासात अधिक सापडते.

युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि छपाईच्या क्षेत्रात त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर ज्या टंकांत जुळवला गेला त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना ‘शाळा’ दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत असत ती असंबद्ध रोमन अक्षरे व चिन्हे. आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणारी आज्ञावली, वाचते ती स्मृती, आकार नव्हे. अशा टंकांतील नोट्स आणि प्रश्नसंच जसेच्या तसे ऑनलाइन चढवले गेले, की अंध विद्यार्थ्याच्या कानी निव्वळ गोंगाट पडतो. रूपांतराची साधने आहेत, पण रफार आणि जोडाक्षरे त्यांत वारंवार बिघडतात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूरही पीडीएफ होताना सुरक्षित राहतोच असे नाही: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे रेखाटली जाते, तर साठवली जाते व्यंजनानंतर, आणि धारिका बेफिकिरीने बनवली असेल तर बाहेर काढलेल्या मजकुरात हा क्रम उलटापालटा होतो. पानांची छायाचित्रे काढून केलेल्या पीडीएफबद्दल तर बोलायलाच नको. तीत मजकूर नसतोच.

याहून सूक्ष्म, आणि म्हणून अधिक दुर्लक्षित, प्रश्न भाषेच्या नोंदीचा आहे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक असल्यामुळे, पानाच्या संकेतात भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसेल तर वाचक-आज्ञावली तो मजकूर हिंदी आवाजाच्या हवाली करू शकते, आणि मग ‘ळ’ असलेले शब्द तसेच ‘च’, ‘ज’ यांचे मराठीतील दुहेरी उच्चार ओळखू येईनासे होतात. ही नोंद करण्यास एका ओळीचा संकेत पुरतो. अंशतः दिसणाऱ्या विद्यार्थ्याच्या अडचणीही लिपीशी बांधलेल्या आहेत: इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यांतील ओळींचे अंतर देवनागरीला अपुरे पडते, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे अनुस्वार एकमेकांना भिडतात. मजकूर व पार्श्वभूमी यांच्या प्रखरतेचे किमान ४.५ ला १ हे विहित प्रमाण पाळूनही असे पान वाचवत नाही. मार्गदर्शक तत्त्वांचे भाषांतर करून भागत नाही, ती देवनागरीच्या अंगाने पुन्हा तपासावी लागतात, असे येथे आग्रहाने नोंदवावेसे वाटते.

चित्रवर्णनाचे काम तंत्रज्ञाकडे सोपवण्याची प्रथाही तपासून पाहण्याजोगी आहे. भूगोलाच्या पाठात सह्याद्रीचा उभा छेद दाखवून पर्जन्यछायेचा प्रदेश समजावला जातो. ‘डोंगराची आकृती’ एवढे वर्णन लिहिणारा तंत्रज्ञ नियम पाळतो, परंतु बाष्पयुक्त वारे पश्चिम उतारावर चढून थंड होतात, महाबळेश्वरी मुसळधार पाऊस देतात आणि पूर्वेकडे वाईला पोचेपर्यंत पाऊस झपाट्याने घटतो, हा त्या आकृतीचा आशय त्यातून निसटतो. तो सांगू शकतो केवळ शिक्षक, आणि तेही आकृती निवडतानाच. असे वर्णन लिहिले, की पुष्कळदा आकृतीतील अनावश्यक भाग शिक्षकाच्याच ध्यानात येतो, हा आनुषंगिक लाभ.

‘स्वयम्’ या २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मंचाच्या अभ्यासक्रमांत चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा असे चार घटक असतात. रचना चांगली आहे. पण वाचनसाहित्यात व्याख्यानातील आशय पूर्ण उतरलेला नसेल, तर चार मार्ग दिसूनही विद्यार्थ्याच्या हाती निवड येत नाही. संपूर्ण लिखित संहिता दिली, तर तिचा उपयोग कर्णबधिर विद्यार्थ्याइतकाच तुटक नेटवर्कच्या गावात राहणाऱ्यालाही होतो. तथापि ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांना लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, आणि त्यांच्यासाठी मराठी उपशीर्षकांवर थांबणे हे अर्धेच काम ठरते.

सर्वांत बिकट प्रश्न परीक्षेचा. चुकीला सवड हे तत्त्व येथे घड्याळाशी झगडते: ठरलेल्या मिनिटाला आपोआप बंद होणारी प्रश्नपत्रिका ज्ञानाबरोबर वाचनाचा आणि टंकनाचा वेगही मोजते, जरी परीक्षकाला तो मोजायचा नसला तरी. जोड्या लावण्यासाठी ओढून सोडण्याची कृती सक्तीची असेल, तर हाताचा कंप असलेला विद्यार्थी उत्तर ठाऊक असून गुण गमावतो. अशा प्रत्येक कृतीला साधा पर्याय असावा, असे मार्गदर्शक तत्त्वांची २.२ आवृत्ती सांगते. दूरस्थ देखरेखीत कॅमेऱ्याकडे पाहत राहण्याची अट अंध परीक्षार्थीसाठी मुळातच निरर्थक आहे. डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवण्याच्या बँकिंग प्रक्रियेविरुद्ध अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांनी आणि एका अंध याचिकाकर्त्याने दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल प्रवेश हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी तो निकाल बँकांपुरता समजणे धाडसाचे ठरेल.

या सर्वांनंतरही काही विद्यार्थ्यांना लेखनिक, अधिक वेळ किंवा सर्वस्वी वेगळी परीक्षापद्धत लागेलच. कायदा त्यासाठी ‘वाजवी सोय’ ही स्वतंत्र संज्ञा वापरतो आणि ती सार्वत्रिक रचनेत विरघळवून टाकत नाही. अभ्यासक्रम सर्वांसाठी आखला आहे, या सबबीवर एखाद्याची वैयक्तिक मागणी नाकारणारी संस्था दोन्ही संकल्पनांचा विपर्यास करते. पाठ पहिल्या खर्ड्यापासून सुगम्य असेल तर अशा मागण्यांची संख्या घटेल, आणि उरलेल्या मागण्यांकडे, म्हणजे ज्या विद्यार्थ्यांना खरोखर वेगळे काही हवे आहे त्यांच्याकडे, लक्ष देण्यास शिक्षकाला वेळ मिळेल; हा वेळ मात्र विद्यापीठांनी कार्यभाराच्या तक्त्यात अध्यापनाच्या तासांप्रमाणेच मोजला पाहिजे.