काळोखातले पाणी

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वसाहत आहे. १८८२ च्या सुमारास म्हैसूरच्या चामराजेंद्र वडियार महाराजांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेस तेथे जमीन दिली, आणि त्या संस्थेचे धुरीण व्हाइट यांच्यावरून गावास हे नाव पडले. बंगल्यांची ती निवांत वसाहत आता ओळखू येत नाही. संगणकाच्या कचेऱ्या आल्या, उंच इमारती आल्या, २०२३ साली मेट्रोही येऊन पोहोचली. आणि या सर्वांबरोबर पुण्या-नाशकाकडची, सातारा-सांगलीकडची शेकडो मराठी कुटुंबेही येथे येऊन राहिली. मुलगा आणि सून नोकरीवर जातात, आणि गावाकडून आलेले आईवडील नातवंडांना सांभाळीत बाराव्या मजल्यावरून खालच्या रहदारीकडे पाहात बसतात.

अशाच एखाद्या घरातील साठीच्या बाईंची कल्पना करावी. त्यांना नाव देण्याचे कारण नाही. त्यांच्यासारख्या पुष्कळ आहेत. त्यांचा धाकटा मुलगा व्हाइटफील्डला आणि थोरला अमेरिकेत ह्यूस्टनला. थोरल्याने आईवडिलांना बोलावून घेतले आहे, आणि जवळच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून सुटणाऱ्या जहाजावरून आठवड्याची सागरी सहल ठरविली आहे. जहाज वाटेत बेलीझ देशाच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकते. तेथे उतरून प्रवाशांनी काय करावयाचे, तर हवा भरलेल्या रबरी ट्यूबमध्ये बसून, डोंगराच्या पोटातून वाहणाऱ्या नदीवर तरंगत, काळोख्या गुहांतून पलीकडे निघावयाचे! मुलाने फोनवर हे उत्साहाने सांगितले. बाईंनी ‘बरं’ म्हटले आणि त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिला मुळे आहेत, आणि ती एका मातीतली नाहीत. पहिले मूळ घरच्या विहिरीत आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांतून पोहणे शिकविण्याची रीत जुनी आहे. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि पोराला विहिरीत ढकलून द्यायचे. भोपळा जाऊन पुढे मालमोटारीच्या टायरमधली ट्यूब आली. परंतु हा सगळा सोहळा बहुतेक ठिकाणी मुलांसाठी असे. मुली काठावर भावांचे कपडे राखीत बसत, आणि ‘काठाशी जाऊ नकोस’ एवढेच जलविद्येचे शिक्षण त्यांच्या वाट्यास येई. पाणी भरायचे त्यांनी, धुणी धुवायची त्यांनी, आणि पाण्याला भ्यायचेही त्यांनीच, असा हा विचित्र न्याय होता. साठ वर्षांच्या बाईला पाण्याची भीती वाटते तेव्हा ती भित्री आहे असे समजण्याचे कारण नाही. तिला जे शिकविले ते ती विसरलेली नाही, इतकेच.

दुसरे मूळ ताजे आहे. २०१८ च्या जून महिन्यात थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा तरुण फुटबॉल-शिक्षक अडकून पडले. ती २३ जूनला आत गेली, बाहेर पाऊस कोसळला, आणि परतीची वाट पाण्याने भरून गेली. ती जिवंत आहेत हे २ जुलैला कळले. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्वांना बाहेर आणण्यात आले. त्या प्रयत्नात थाई नौदलातून निवृत्त झालेल्या एका पाणबुड्याने प्राण गमावले. किर्लोस्कर ब्रदर्स या महाराष्ट्रातील कारखान्याचे तंत्रज्ञ पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यास तेथे गेले होते, त्यामुळे मराठी घरांतून ती बातमी अधिकच आस्थेने पाहिली गेली. गुहा आणि पाणी हे दोन शब्द एकत्र आले की आता पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र उभे राहते.

आणि तिसरे मूळ कोणा एकाच्या अनुभवात नाही, ते मनुष्यजातीच्या जुन्या स्मृतीत आहे. बेलीझच्या परिसरातील प्राचीन माया लोक गुहांना पाताळाची दारे मानीत. त्यांच्यापैकी किचे लोकांच्या पुराणकथांत या पाताळाचे नाव ‘शिबाल्बा’ असे आहे, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘भयाचे स्थान’ असा करतात. तरीही ते लोक गुहांतून आत जात, देवांपुढे मातीची भांडी ठेवीत, आणि परत येत. त्या भांड्यांचे अवशेष आजही तेथील गुहांत सापडतात. आपल्याकडे हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. मध्ये भव्य शिवलिंग, भोवती चार खांब, त्यांतला एकच आता शाबूत, आणि सभोवार बर्फासारखे थंड पाणी. त्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालणारे भाविक आधी काठावर उभे राहून कुडकुडतात, एकमेकांची तोंडे पाहतात, आणि मग कोणीतरी एक पुढे होतो.

भीती कशी घालवावी, याबद्दल शहाण्या माणसांचा एक ठरलेला उपदेश असतो: ‘घाबरायचं नाही!’ जणू घाबरणे हे हौसेने केलेले काम आहे. या उपदेशाने आजवर कोणाची भीती गेल्याचे दिसत नाही. फार तर ती लपविण्याची युक्ती साधते. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या विदुषीने १९२४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर नावाचे जेमतेम तीन वर्षांचे एक मूल सशाला घाबरत असे. तिने त्याला उपदेश केला नाही. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीच्या दूरच्या टोकास ठेवला, आणि दिवसामागून दिवस तो थोडा थोडा जवळ आणीत नेला. शेवटी ते मूल सशाला स्वतःच कुरवाळू लागले. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच धर्तीवर मोठ्या माणसांसाठी पायरीपायरीची पद्धत बसविली.

व्हाइटफील्डच्या बाईंनी जोन्सचे नाव ऐकलेले नाही. परंतु त्यांच्या इमारतीच्या आवारात पोहण्याचा तलाव आहे, आणि त्यात सात वर्षांची नात रोज संध्याकाळी डुंबते. सहलीस दोन महिने असताना बाई एके दिवशी तिच्याबरोबर खाली गेल्या आणि पायऱ्यांवर पाय बुडवून बसल्या. आठवडाभर तेवढेच. नंतर गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पुढच्या आठवड्यात यजमानांनी एक ट्यूब आणली. तिच्यात बसताना बाईंनी दोन्ही हातांनी कठडा इतका घट्ट धरला होता की ट्यूब हलेचना.

“आजी, सोड ना!” नात म्हणाली.

“सोडते गं. घाई काय आहे?”

“अहो, मी धरलंय,” यजमान म्हणाले.

“तुम्हाला तरी कुठं पोहता येतं?” या प्रश्नास यजमानांपाशी उत्तर नव्हते. पण पाणी तेथे छातीइतकेच होते, आणि कठडा सुटला.

या ठिकाणी थोडे पदार्थविज्ञान उपयोगी पडते. मनुष्याचे शरीर पाण्याहून फारसे जड नाही. फुप्फुसांत हवा भरलेली असली तर बहुतेक माणसे पाण्यावर कशीबशी तरंगतातच. प्रौढ माणसाचे डोके पाण्याबाहेर राहण्यास तीन ते साडेपाच किलो वजनाइतका जादा उठाव पुरतो, आणि नदीवर वापरावयाच्या साधारण लाइफ जॅकेटचा उठाव सात किलोंच्या आसपास असतो. ट्यूबचा आधार त्याहून निराळा. हा हिशेब थोरल्या मुलाने फोनवर सांगितला तेव्हा बाईंना तो पटला. परंतु शरीरास तो पटला तलावातच. आकड्यांवर बुद्धी विश्वास ठेवते, पाठीचा कणा ठेवीत नाही.

राहिला काळोख. त्यासाठी त्यांनी ट्यूबमध्ये डोळे मिटून पडण्याचा सराव केला. सुरुवातीला दहा आकडे मोजेपर्यंत, पुढे शंभरापर्यंत. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावला की छातीतली धडधड उतरते, हेही त्यांच्या ध्यानी आले.

मात्र सगळीच भीती घालविण्याजोगी नसते. थायलंडमध्ये घात केला तो काळोखाने नव्हे, पावसाने. बेलीझमध्ये साधारण जून ते नोव्हेंबर हा पावसाळा असतो, आणि नदी चढली की जाणते वाटाडे गुहेची सफर रद्द करतात. अशा वेळी ‘पैसे भरलेत, जाऊच’ म्हणणारा प्रवासी धीट नसतो, तो अडाणी असतो. हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असेल तर आधी वैद्याला विचारावे हेही ओघानेच आले. बाईंनी मुलाला दोनच प्रश्न विचारले: पाऊस केव्हा पडतो, आणि नको वाटले तर काठावर थांबता येते काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी मिळाले, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली. परतीचे दार उघडे आहे असे कळले की पुढचे दार तितकेसे काळे दिसत नाही.

प्रत्यक्ष सफर मार्चमध्ये झाली. बेलीझचा किनारा उथळ असल्याने मोठी जहाजे दूर समुद्रात उभी राहतात आणि लहान बोटी प्रवाशांना बंदरावर आणतात. तेथून मोटारीने तासा-दीड तासाचा रस्ता. केव्ह्ज ब्रँच नदीच्या काठी प्रत्येकाला जॅकेट, डोक्यावर टोप, कपाळावर दिवा आणि काखेत ट्यूब मिळाली. पुढे रानातून पायवाट. वाटेत एकदा नदीही ओलांडावी लागली. गुहेचे तोंड दिसले तेव्हा बाई थांबल्या. यजमानही थांबले, त्यांचाही चेहरा उतरला होता, आणि ते पाहून बाईंना थोडा धीर आला, हे नमूद केले पाहिजे.

वाटाड्याने ट्यूब एकमेकींना जोडल्या. पाणी थंड होते, तलावाहून पुष्कळच थंड. बाईंनी हातांनी कठडा शोधला; येथे कठडा नव्हता. त्यांनी मोजण्यास आरंभ केला. चाळीसपर्यंत आल्या तेव्हा दिव्याच्या प्रकाशात वरून लोंबणारे चुनखडीचे सुळके दिसू लागले, थेंबथेंब पाणी ठिबकून हजारो वर्षांत घडलेले, आणि त्यांच्या आड वटवाघळे. आकडे तेथेच राहिले.

गुहेच्या मध्यावर वाटाड्याने सर्वांना दिवे मालविण्यास सांगितले. ही तेथील नेहमीची रीत आहे. एकेक दिवा विझत गेला. मालविणाऱ्यांत बाई पहिल्या नव्हत्या, शेवटच्याही नव्हत्या. शेवटचा दिवा यजमानांचा होता.