पाटीवर एकच जिन्नस
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



शेतावरच दुकान थाटायचं, आपला माल आपणच विकायचा, हा विचार सध्या बऱ्याच शेतकरी घरांत चालू आहे. घरातला शिकलेला मुलगा हिशेब मांडतो: अडत वाचली, हमाली वाचली, तोलाई वाचली. हिशेब चोख असतो. त्यात एकच रकाना कोरा राहतो. गिऱ्हाईक वाट वाकडी करून आपल्याकडे का येईल, आणि एकदा आलेलं पुन्हा का येईल? आज त्या कोऱ्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. उदाहरण घेतो ते मी राहतो त्या ईडन प्रेरीचं.

ईडन प्रेरी हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या नैर्ऋत्येला. 1852 मध्ये एलिझाबेथ एलेट ही लेखिका तिथे आली, त्या माळरानावर भाळली आणि तिने हे नाव दिलं. 2020 च्या जनगणनेत तिथे चौसष्ट हजारांच्या वर वस्ती होती. 2010 मध्ये ‘मनी’ मासिकाने राहण्याजोग्या गावांच्या यादीत ईडन प्रेरीला पहिला नंबर दिला. असा नंबर लागला की जमिनीचं काय होतं, हे पुण्या-नाशकाच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. शेतं गेली, बंगले आले. सुपरमार्केटात बाराही महिने सगळं मिळतं. अशा गावात शेतकऱ्याचं दुकान चालावं कशावर?

ते चालतं मक्याच्या कणसावर. पीटरसन कुटुंबाचा ‘सेव्हर्स’ हा कणसांचा स्टॉल त्या भागात घरोघरी माहीत आहे. मिनेसोटात हिवाळा लांबलचक. गोड मक्याचा हंगाम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. तेवढ्यासाठी माणसं वर्षभर थांबतात.

का थांबतात, यामागे कणसाचा स्वभाव आहे. कणीस तोडलं की त्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं, आणि उन्हात तर फारच झपाट्याने. नव्या वाणांत साखर जास्त टिकते, तरीही सकाळी तोडलेलं कणीस आणि ट्रकमधून चार दिवस फिरून आलेलं कणीस यांतला फरक लहान पोरालाही कळतो. सुपरमार्केटकडे पैसा आहे, शीतगृह आहे, जाहिरात आहे. ‘आज सकाळी तोडलं’ हे वाक्य मात्र त्याला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. शेतावरच्या दुकानाचं सगळं भांडवल त्या वाक्यात आहे. म्हणून माझा पहिला आग्रह: आपल्या मालात असं काय आहे की जे अंतराने आणि वेळाने बिघडतं, ते आधी शोधा. दुकान त्यावर उभं करा. कांदा आणि लसूण त्यामागून ठेवता येतील.

आता जरा त्या रस्त्यांवरच्या स्टॉलजवळ जाऊन पाहू. पाटीवर एकच शब्द असतो, ‘कॉर्न’, दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. गाडी वेगात असते. वाचायला, ठरवायला आणि ब्रेक दाबायला मोजके क्षण मिळतात. आपल्याकडच्या पाटीवर मालकाचं नाव, वडिलांचा फोटो, ‘ताजी व सेंद्रिय फळे, भाजीपाला, दूध, तूप व मध मिळेल’ आणि खाली दोन मोबाइल नंबर. वाचून होईपर्यंत गाडी पुढच्या गावात! तिथे पाटीच्या पुढे गाडी वळवायला ऐसपैस जागा. लोक कणीस सोलून बघतात, आणि सोललेलं कणीस मग कोणी घेत नाही. म्हणून शहाणा विक्रेता दोन कणसं स्वतःच सोलून समोर ठेवतो. कित्येक ठिकाणी डझनाला तेरा कणसं देतात. एका कणसाचा खर्च तो किती, पण घरी गेल्यावर मोजणारा माणूस ते शेजाऱ्याला सांगतो.

आमच्याकडची मराठी मंडळी या कणसावर जरा रुसलेली असतात. निखाऱ्यावर भाजून लिंबू-तिखट चोळायला ते फार गोड, फार कोवळं. आपल्या मक्याचा चिवटपणा त्यात नाही. किसून उपमा किंवा भजी करायला मात्र फक्कड. काउंटरवरच्या माणसाला हे सांगितलं, की तो जास्त भरलेली, जरा जून कणसं काढून देतो. कोणतं कणीस कशाला चालेल हे सांगणारा माणूस गल्ल्यावर हवा. रोजंदारीवर बसवलेल्या, मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या पोराकडून हे होत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. ईडन प्रेरीच्या शेजारी, चॅनहॅसनला मिनेसोटा विद्यापीठाचं अर्बोरेटम, म्हणजे वृक्षोद्यान, आहे. विद्यापीठाच्या तिथल्या फळसंशोधन केंद्रात एक सफरचंद टाकून द्यायच्या यादीत गेलं होतं. डेव्हिड बेडफर्ड या संशोधकाने त्याला आणखी संधी दिली, आणि 1991 मध्ये ते ‘हनीक्रिस्प’ या नावाने बाजारात आलं. 2006 मध्ये ते मिनेसोटाचं राज्यफळ झालं. लोक त्यासाठी साध्या सफरचंदापेक्षा चढा भाव मोजतात, कारण ते नावानिशी मागता येतं. आपण मात्र अजून ‘द्राक्षं घ्या’ म्हणतो. वाण कोणता, मळा कोणता, याचा पत्ता नाही. नाशिकच्या रस्त्यावर हंगामात द्राक्षांचे स्टॉल ओळीने लागतात, सगळे सारखेच. परत येताना कोणाकडून घेतली होती हे आठवत नाही, आणि मग भावावरच घासाघीस होते.

तिसरी गोष्ट करमणुकीची. याच पीटरसन कुटुंबाने 1997 मध्ये मक्याच्या शेतात भूलभुलैया सुरू केला. उभ्या पिकातून वाटा कापायच्या, तिकीट लावायचं, मुलांनी हरवायचं. कणसांचा हंगाम सरला की शरद ऋतूत हे सुरू होतं. हुरडा पार्टी आणि कृषी पर्यटन ही आपली त्याच जातीची मंडळी. पण क्रम ध्यानात घ्या: आधी कणसाला नाव झालं. माल सुमार आणि झोपाळे पाच, असं झालं तर लोक फोटो काढतात आणि रिकाम्या हाताने जातात. पाचगणीजवळच्या ‘मॅप्रो’कडे बघा. 1959 पासूनचा हा व्यवसाय. आज तिथे बाग आहे, गर्दी आहे, उत्सव आहे, पण माणूस उतरतो तो स्ट्रॉबेरी-क्रीमसाठी.

कायद्याचाही आधार लागतो. मिनेसोटाच्या राज्यघटनेत 1906 पासून तरतूद आहे की स्वतः कसलेल्या शेताचा वा बागेचा माल कोणालाही परवान्याशिवाय विकता येईल. आपल्याकडे फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून 2016 मध्ये मुक्त झाला. दार उघडून फार वर्षं झालेली नाहीत. दाराशी गर्दी होण्याआधी आपली ओळख पक्की करायला हवी.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड. हंगाम संपला की मक्याचा स्टॉल मिटतो. मालक बाजारातून कणसं आणून रेटत नाही. आपल्याकडे गल्ला रिकामा बघवत नाही, मग आपण मार्केट यार्डातून क्रेट आणून ‘आमच्या शेतातलं’ म्हणून खपवतो. गिऱ्हाईक मूर्ख नसतं. ज्या दिवशी त्याला हे कळतं, त्या दिवशी ‘आज सकाळी तोडलं’ या वाक्याची किंमत शून्य होते, आणि ते वाक्य पुन्हा विकत मिळत नाही. बाहेरचा माल ठेवायचाच असेल तर वेगळ्या टोपलीत ठेवा आणि कुठला ते लिहा. नाहीतर ‘माल संपला, पुढचा हंगाम अमुक महिन्यात’ अशी पाटी लावायची हिंमत करा. ती पाटी वाचून जो परत जाईल, तो पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यात येईल. त्याला माहीत असेल की इथे असतं तेव्हा खरं असतं.

आता प्रश्न विचारा. भावाचा प्रश्न आधी घेऊ, तो सगळ्यांच्याच मनात आहे.