उपकार कोणाकोणाचे?

श्रोतेहो, पाऊस तोंडावर आला म्हणजे आम्हा कोकणातल्या माणसांची काय धांदल उडते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पेंढा झाकायचा, गोवऱ्या आणि लाकूडफाटा पडवीत आणून रचायचा, मीठ-मिरची, कडधान्य भरून ठेवायचे. याला आमच्याकडे आगोट म्हणतात. २०१८ सालच्या मे महिन्यात, अशाच आगोटीच्या दिवसांत आमच्या घरावर एक रात्र आली, ती मी आज तुम्हांला सांगणार आहे. गोष्ट घरातलीच आहे. पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी, आणि माझ्यासारखे जे शिक्षक आहेत त्यांनी ती ऐकावी असे वाटले, म्हणून बोलायला बसलो आहे.

आमचे गाव महाड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. मी तिथल्याच शाळेत मास्तर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्या वेळी शहात्तर वर्षांचे होते. आता या वयात त्यांनी ओझी उचलू नयेत असे आम्ही सगळे सांगत होतो. पण शेतकरी माणूस, तो का ऐकतो! दिवेलागणीला मी घरी येऊन पाहतो तो आबा पडवीत गोवऱ्या रचताहेत. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी हात झटकला. गोवरीखालून बोटभर लांबीचा तांबडा विंचू निघाला होता.

विंचू चावला ही कोकणात काही बातमी नव्हे. आईने चिंचोका उगाळून लावला. आबा हात धरून ओटीवर बसले. अर्ध्या-पाऊण तासाने म्हणाले, “ठणका कमी वाटतोय रे.” आम्हांला हायसे वाटले. आणि इथेच आम्ही फसलो, बरे का. ठणका उतरला म्हणजे विष उतरले असे नव्हे. थोड्याच वेळात आबांना घाम सुटला. सदरा पिळून काढावा इतका घाम. दोनदा उलटी झाली. मी हात हातात घेतला तर मे महिन्याच्या उकाड्यात तो हात गार.

एव्हाना शेजारीपाजारी जमले होते आणि कोणीतरी मंतर घालणाऱ्या आजोबांना बोलावून आणले होते. खरे सांगतो, त्यांना अंगणात पाहून माझे डोके भडकले. वीस वर्षे मी वर्गात मुलांना सांगत आलो की विंचवाचे विष मंत्राने उतरत नाही. आणि आज माझ्याच ओटीवर हे? मी काहीतरी वेडेवाकडे बोलणार, तेवढ्यात आजोबांनी आबांच्या कपाळाला हात लावला, पायाला लावला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, गाडी बोलवा. आधी गाडी. गाडी येईस्तोवर मी बसतो हितं.”

मी चाटच पडलो. मागाहून कळले की पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा नातू असाच घामाने थबथबला होता, आणि हे पहाटेपर्यंत त्याच्या उशाशी मंत्र म्हणत बसले होते. पोरगा उजाडायच्या आत गेला. तेव्हापासून कोणीही बोलावले तरी ते येतात, मंत्रही म्हणतात, पण पहिले वाक्य हेच. त्यांनी हे कधी कोणाला फोड करून सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. वीस वर्षे मी त्यांना अडाणी समजत होतो.

आमच्या गावात मोबाइलची रेंज मिळते ती एकाच ठिकाणी, सोमजाईच्या देवळाच्या चौथऱ्यावर. मी धावत तिकडे गेलो, तर माझ्याआधी आई तिथे पोचलेली. ती आत देवीपुढे नारळाचा नवस बोलत होती आणि मी बाहेर चौथऱ्यावर उभा राहून १०८ नंबर लावत होतो. तिकडून विचारले, वय काय, किती वेळ झाला, घाम आहे का, श्वास कसा आहे. गाडी निघते आहे, पण तुमच्या घाटवाटेने यायला वेळ लागेल. दुसरे काही वाहन असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पेशंट घेऊन या, गाडी तिथे भेटेल. ही १०८ची सेवा आपल्या महाराष्ट्रात २०१४ सालच्या जानेवारीत सुरू झाली. शेजाऱ्याचा टेंपो उभा होता. त्यात अर्धी भरलेली विटांची खेप त्याने तिथेच रस्त्याकडेला उतरवली, गादी टाकली आणि आम्ही निघालो.

आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या माजी विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी आबांचे हातपाय पाहिले, रक्तदाब मोजला, छातीला नळी लावली आणि एक लहानशी गोळी दिली. मी मनात म्हटले, एवढीच गोळी? मोठे इंजेक्शन नाही, काही नाही? त्या म्हणाल्या, “गुरुजी, हीच महत्त्वाची आहे. दर तीन तासांनी द्यायची. आणि आता यांना उठवून उभे करायचे नाही, लघवीलाही चालवत न्यायचे नाही. गोळीने दाब उतरतो, उभे राहिले तर चक्कर येऊन पडतील.” मग १०८ची गाडी आली आणि आम्ही तालुक्याच्या रुग्णालयात गेलो.

रात्री बाराच्या सुमारास आबांना खोकला सुरू झाला, दम लागला. छातीत पाणी होते आहे, असे कानावर पडले. नाकाला प्राणवायूची नळी लावली, हाताला सलाइन, आणि सलाइनवाटे विंचवाच्या विषावरचे प्रतिविष. मला बाहेर जायला सांगितले.

श्रोतेहो, रुग्णालयाच्या व्हरांड्यातले ते बाक तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. त्या बाकावर बसलेल्या माणसाच्या शिक्षणाचा, वयाचा काही उपयोग नसतो. मी विज्ञान शिकवणारा माणूस. पण थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की माझे ओठ हलताहेत आणि मी सोमजाईचे नाव घेतो आहे. पहिला घटकाभर मी शुद्ध सौदा करीत होतो. आबांना वाचव, मग मी अमुक करीन, तमुक सोडीन. नारळाचा नवस बोलणाऱ्या आईहून मी काही निराळा नव्हतो. उलट तिचा नवस सरळ होता, माझा घासाघिशीचा.

मग केव्हातरी, तीनच्या सुमारास, परिचारिकाबाई गोळी आणि रक्तदाबाचे यंत्र घेऊन पुन्हा आत गेल्या. त्यांच्या पायांत रबरी चपला होत्या. एकीचा पट्टा तुटलेला, दोऱ्याने बांधलेला. त्या परत जाताना मला म्हणाल्या, “दाब जरा बरा आहे. चहा घेता का, बाबा? आमच्यासाठी ठेवलाच आहे.” मी हो म्हटले की नाही म्हटले, आठवत नाही. पण त्या चपलेकडे पाहता पाहता माझ्या मनात एक मोजणी सुरू झाली. ही बाई जागी आहे. १०८चा ड्रायव्हर, घाटात एका हाताने डोळे चोळीत होता, तो जागा होता. आरोग्य केंद्रातल्या बाई अजून जाग्या असतील. टेंपोवाला शेजारी समोरच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन पडला आहे. त्याच्या विटा रस्त्याकडेला पडून आहेत. गावात ते आजोबा आमच्या ओटीवर बसून असतील. यांपैकी एकाचेही मी काही देणे लागत नव्हतो, आणि यांपैकी कोणीही माझ्या आबांच्या नात्यातले नव्हते. कोणी सोडून दिले असते तर ती साखळी तिथेच तुटली असती.

माझे मागणे तिथे थांबले. ओठ हलतच होते, पण मी काही मागत नव्हतो. आबा वाचतील अशी खात्री झाली होती म्हणून नव्हे; तशी खात्री तेव्हा डॉक्टरांनाही नव्हती. या जगात माझ्या बापाला मी एकटा धरून बसलेलो नाही, एवढे मात्र मला दिसले होते. याला श्रद्धा म्हणायचे की आणखी काही, ते तुम्ही ठरवा. मला त्या रात्री त्याने बसायला बळ दिले.

उजाडताना आबांचा हात गरम झाला. “माझी चप्पल कुठाय?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

सकाळी तिथल्या डॉक्टरांनी मला त्या लहानशा गोळीची हकीकत सांगितली, आणि ती ऐकून मी आणखीच ओशाळलो. कारण ती आमच्याच तालुक्यात घडलेली. तांबड्या विंचवाचे विष शरीरातलेच उत्तेजक रस भसाभस बाहेर सोडते. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. पूर्वी या अवस्थेला पोचलेल्या शंभर माणसांतली पंचवीस-तीस दगावत. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालन्याकडच्या खेड्यातून आलेले तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी विंचू चावलेल्या रोग्यांच्या खाटेशी बसून घाम, उलट्या, गार हातपाय, नाडी, सगळे टिपून ठेवले. १९८२ साली त्यांचे हे निरीक्षण लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे एक औषध रक्तदाबासाठी वापरात होते. ते विंचवाच्या रोग्यांना त्यांनी दिले, आणि १९८६ साली त्याचे निष्कर्षही तिथेच प्रसिद्ध केले. मृत्यूचे प्रमाण पुढे शंभरात चाराच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आबांनी वर्तमानपत्रातले कात्रण कापून देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावले.

घरी आल्यावर आईने नवस फेडला. नारळ वाढवल्यावर त्यातले अर्धे खोबरे तिने स्वतः आजोबांच्या घरी नेऊन दिले. मी त्यांच्यापुढे वाकलो तेव्हा ते म्हणाले, “अहो गुरुजी, हे काय!” आणि बसायला घोंगडी टाकली. आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर आता १०८ हा आकडा, आरोग्य केंद्राचा फोन नंबर, आणि घाम, उलटी, गार हातपाय ही तीन लक्षणे तेलरंगाने लिहिली आहेत. ती अक्षरे आजोबांच्या पणतीने काढली आहेत. तुमच्याही शाळेची भिंत मोकळी असेल, शिक्षक बंधूंनो, तर एवढी जागा काढा. गोवऱ्या उचलताना आधी काठीने हलवाव्या, जोडे झटकून घालावे, हे तर तुम्ही मुलांना सांगतच असाल.

एक सांगायचे राहिले. सलाइनमधून जे प्रतिविष दिले ते कुठून येते, असे आबांनी मला पुढे एकदा विचारले. मी सांगितले की मुंबईच्या हाफकिनमध्ये ते तयार होते. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचतात, त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो, आणि तो रक्तातून काढून घेऊन शुद्ध करतात. आबा बराच वेळ गप्प बसले. सगळा जन्म बैलांच्या मागे गेलेला माणूस.

मग म्हणाले, “त्या घोड्यांना वैरण काय घालतात रे? बघ जरा विचारून.”