जोत्यातली माती

आम्ही कवी मंडळी पाया आणि कळस या दोन शब्दांवर फार लिहितो. पाया आणि फरशी यांच्या मध्ये जोत्यात जो भराव पडतो, त्यावर कोणी लिहीत नाही. घराचा पैसा मात्र तिथेच गडप होतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा, सेनगाव, कळमनुरीकडे अनेक वस्त्या उतारावर आहेत. अठरा फूट लांब, पंधरा फूट रुंद घरकुल घ्या. त्याच्या लांबीत जमीन तीन फूट उतरते. वरच्या बाजूला जोते दीड फूट ठेवले, तर खालच्या बाजूला ते साडेचार फूट होते. सपाट जागेवर चार ब्रास भरावात भागले असते. इथे आठ ब्रास लागतो. प्रधानमंत्री आवास योजनेचे मूळ अनुदान मात्र सपाट जागेला आणि या उताराला सारखेच, १ लाख २० हजार रुपये!

मग माणूस पायातून निघालेली काळी माती जोत्यात लोटतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर्षा-दोन वर्षांत फरशी उचलते, भिंत तडकते. भराव मुरमाचाच हवा. अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. खालच्या बाजूची भिंत म्हणजे शेताचा बांधच समजा. भरावाचा रेटा तिच्यावर येतो, म्हणून तिला रुंदी हवी आणि पाणी निघायला भोके हवीत. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये भूकंपाचे धक्के सोसलेल्या या जिल्ह्यात हे विसरून कसे चालेल?

यावर जुन्या घरांनी एक उत्तर देऊन ठेवले आहे. माजघर वर, ओसरी खाली. फरशी मधोमध तोडून पुढचा भाग दीड फूट खाली घेतला, तर आठ ब्रासचे काम सहात होते आणि साडेचार फुटांची भिंत तीन फुटांवर येते. म्हाताऱ्यांना पायरी अडते, हे खरे. त्यांची झोपायची जागा आणि मोरी एकाच पातळीत ठेवावी.

पण सगळा भार गरिबाच्या हुशारीवर टाकू नये. घरकुल मंजूर करताना जागेचा उतारही मोजावा आणि जोत्यासाठी वेगळी रक्कम द्यावी. नाहीतर भिंती उभ्या राहण्याआधीच हप्ता जमिनीत जातो आणि कुटुंब आणखी एक पावसाळा ताडपत्रीखाली काढते.