नांदेडचे खासदार आणि त्यांचे आव्हानवीर

ग्रामीण मतदारसंघात विद्यमान खासदाराविरुद्ध उभा राहणारा उमेदवार, म्हणजे वृत्तपत्रीय मराठीतला आव्हानवीर, प्रचारसभांतून जे आरोप करतो ते ऐकताना व्यक्तीवर केलेले वाटतात. त्यांतले बरेचसे मात्र पदाला चिकटलेले असतात आणि पद दुसऱ्याच्या हाती गेले की तेही त्याच्या मागोमाग जातात. नांदेड लोकसभा मतदारसंघाच्या २०१९ आणि २०२४ या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहिल्या, तर हे स्थलांतर फार स्पष्टपणे दिसते.

२०१९ मध्ये विद्यमान खासदार होते माजी मुख्यमंत्री आणि तेव्हाचे काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण, आणि त्यांच्यासमोर भारतीय जनता पक्षाने उभे केले होते लोह्याचे आमदार प्रतापराव पाटील चिखलीकर. जिल्ह्याची सत्ता वर्षानुवर्षे एकाच घराभोवती फिरते, हा चव्हाणांच्या विरोधकांचा जुना आक्षेप होता आणि चव्हाणांचे नाव जोडले गेलेले ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेतील कथित गैरव्यवहाराचे प्रकरण त्याच्या जोडीला आयतेच मिळाले होते. चिखलीकर ४०,१४८ मतांनी विजयी झाले. अर्थात वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने त्याच निवडणुकीत एक लाख सहासष्ट हजारांवर मते घेतली होती, त्यामुळे तो निकाल केवळ आरोपांच्या धारेने लागला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पाच वर्षांनी चित्र उलटे झाले. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने संसदेत मांडलेल्या श्वेतपत्रिकेत, म्हणजे आधीच्या सरकारच्या आर्थिक कारभारावरील अधिकृत निवेदनात, ‘आदर्श’चा उल्लेख होता, त्यानंतर पाचव्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, अशोक चव्हाण भारतीय जनता पक्षात दाखल झाले. चिखलीकरांच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र अशा रीतीने त्यांच्याच व्यासपीठावर येऊन बसले, आणि ज्याच्यावर हल्ला करून खासदारकी मिळवली त्याच्याच पाठबळाने ती राखायची, असा विचित्र प्रसंग विद्यमान खासदारांवर ओढवला.

काँग्रेसने आव्हान देण्यासाठी निवडले ते नायगावचे वसंतराव चव्हाण. नायगाव विधानसभा मतदारसंघातून ते २००९ मध्ये अपक्ष आणि २०१४ मध्ये काँग्रेसचे म्हणून निवडून आले होते, आणि २०१९ मध्ये विद्यमान आमदार असताना भारतीय जनता पक्षाच्या राजेश पवारांकडून पराभूत झाले होते. सत्तेवर असणाऱ्याला कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, याचा अनुभव असलेला हा आव्हानवीर होता. सप्टेंबर २०२३ मध्ये आंतरवाली सराटी येथे झालेल्या लाठीमारानंतर मराठा आरक्षणाचे आंदोलन मराठवाड्यात पसरले होते, अनेक गावांनी पुढाऱ्यांना गावबंदी केली होती, आणि सोयाबीनचा ४,६०० रुपये क्विंटल हा त्या हंगामाचा हमीभाव, म्हणजे सरकारने जाहीर केलेली किमान आधारभूत किंमत, मोंढ्यावरच्या सौद्यात अनेकांच्या पदरी पडत नव्हता. अशा वेळी आव्हानवीराला फार बोलावे लागत नाही. राग आधीच गावात असतो, उमेदवाराने फक्त त्याच्या वाटेत आडवे यायचे नसते. २६ एप्रिलला मतदान झाले आणि ४ जूनच्या निकालात वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी निवडून आले.

येथे एक अप्रिय गोष्ट नोंदवावी लागते. ग्रामीण प्रचारात खासदाराच्या माथी मारले जाणारे कितीतरी दोष त्याच्या अधिकाराबाहेरचे असतात. नायगाव विधानसभा मतदारसंघातच मोडणाऱ्या धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधारा हे याचे ठळक उदाहरण होय. गोदावरीवरील या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने ती अट घातली आहे. परिणामी नदीला पाणी असते तेव्हा अडवता येत नाही आणि अडवता येते तेव्हा नदीत फारसे उरलेले नसते. पक्ष कोणताही असो, एकट्या खासदाराला या तारखा बदलता येत नाहीत, परंतु डोळ्यांदेखत पाणी तेलंगणाकडे वाहून जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब आंतरराज्य करारांत शोधावा, अशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. नांदेड–देगलूर–बिदर या नियोजित लोहमार्गाविषयी मात्र खासदाराला जाब विचारणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण रेल्वे हा केंद्राचा विषय आहे आणि संसदेत त्याचा पाठपुरावा करणे हे त्याचेच काम आहे.

आरोपांना कायद्याने घातलेली मर्यादा अरुंद आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, खोटे आहे हे माहीत असताना वा खरे मानत नसताना, त्याच्या निवडणुकीला बाधा आणणारे असत्य विधान करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. सार्वजनिक कारभारावरील कठोर, अगदी एकांगी टीकेला मात्र तेथे मोकळीक आहे.

वसंतराव चव्हाण यांचे २६ ऑगस्ट २०२४ रोजी हैदराबाद येथे निधन झाले. २० नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण यांनी भारतीय जनता पक्षाचे संतुकराव हंबर्डे यांचा अवघ्या १,४५७ मतांनी पराभव केला. त्याच दिवशी विधानसभेसाठीही मतदान झाले आणि या लोकसभा क्षेत्रातील सहाही जागा, नायगावसह, भारतीय जनता पक्षाचा समावेश असलेल्या महायुतीने जिंकल्या. जूनमध्ये हरलेले चिखलीकर त्याच विधानसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसच्या अजित पवार गटातून लोह्यात उभे राहून आमदार झाले. लोकसभेच्या मैदानात त्या दिवशी विद्यमान खासदार कोणीच नव्हता, आणि पाच महिन्यांपूर्वीची जवळपास साठ हजारांची आघाडी दीड हजाराच्याही आत आली होती.